शिंप्याने खेळलेली लढाई

३ जून

चि. टाचणीस,

आजीचे आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने लावते, म्हणून लिहितेय. अक्षर कोंबडीने पाय पुसल्यासारखं आहे, चालवून घे.

तू बनवलेला कॉम्प्युटरवरचा खेळ पोचला. बाजारात जायच्या आधी घरच्यांनी खेळून खोडी काढाव्यात, असं तू म्हणाली होतीस. मला कुठलं जमतंय! तुझा बाप खेळतो. दोन वर्षांपूर्वी आपलं शिंप्याचं दुकान सोडून तू चित्रातले सैनिक नाचवायला गेलीस, तेव्हापासून तुझं नाव न काढणारा माणूस तुझेच सैनिक सकाळपासून चौकोनाचौकोनांतून सरकवतोय. तुला सांगू नकोस म्हणालाय. म्हणून सांगतेय.

चांगलं काय, तर घाई नाही. आपले सहा जण हलवायचे, मग शत्रूची पाळी. तोवर शत्रू बिचारा ताटकळत उभा. आधी नीट मोजायचं आणि मगच कात्री चालवायची, हे शिंप्याला मानवतं. पडद्यावर टेप लावून घरं मोजतो. वाईट म्हणजे अक्षरं मुंगीएवढी. आणि नव्वद टक्के नेम लागणार असं सांगून तो तिरंदाज चुकतोच. थेट तुझ्या आत्याचा नवरा.

बापाला नको, मलाच लिही. मी मोठ्याने वाचीन.

तुझी आजी


११ जून

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून ऑफिसात मोठ्याने हसले, मग जिन्यात जाऊन रडले. अक्षरं मोठी केली आहेत. नव्वद टक्क्यांबद्दल सगळेच ओरडतात, पण उरलेले दहा कुठेतरी जायला हवेत ना. मेलेला सैनिक परत येत नाही, हे बाबांना कसं वाटतं? आमच्याकडे त्यावरून भांडणं चालली आहेत.

एक विचारू? बाबा सकाळपासून खेळतात, मग दुकान कोण उघडतं? तब्येत बरी आहे ना? खेळ तीस तारखेला बाजारात येतोय, त्यानंतर मी येतेच. आधी यायला हवं असेल तर एक ओळ टाक. सगळं सोडून येईन.

माया आहे ती असू दे.

टाचणी


१७ जून

चि. टाचणीस,

आशीर्वाद. पाठ धरलीय त्याची, बाकी काही नाही. डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय. काम टाकून धावत येऊ नकोस. बाप काय पळून जातोय?

मेलेला परत येत नाही ते तसंच ठेव म्हणतो. एक गेला की शिव्या घालत लढाई पहिल्यापासून मांडतो, पण ठेव म्हणतो. नाहीतर माणूस कशाला जपून पाऊल टाकेल? शत्रूची पाळी मात्र फार लांबते, तेवढ्यात याचा डोळा लागतो. सैनिकांना औषध देणारी पोरगी अगदीच नाजूक, तिलाच आधी मारतात. तिला एखादा जाड कोट चढव.

तीसनंतर ये. सावकाश ये.

तुझी आजी


९ जुलै

आजीस,

आठ दिवस त्या घरात राहिले आणि तुझ्याशी बोलले नाही. आता लिहितेय.

पंचवीस तारखेला शेजारच्या न्हाव्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा बाबा नव्हते. यकृत तीन महिन्यांपूर्वीच कामातून गेलं होतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. तुला माहीत होतं. मी विचारलं होतं, आजी. एकच ओळ मागितली होती.

का?


१४ जुलै

चि. टाचणीस,

आशीर्वाद घ्यायचे तर घे.

त्याने मला शपथ घातली होती, असं सांगून मला सुटता येईल. पण आयुष्यात शपथा मी ढिगाने मोडल्यात, ही एक मोडायला काय जड होती? खरं सांगते. तुला बोलावलं असतं तर तो मरतोय हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तू येत नव्हतीस तोवर पाठच धरली होती. माझा मुलगा होता तो. मी चुकले. माफी मागत नाही, ती मला मागता येत नाही.

एक गोष्ट तुझी आहे, ती माझ्याकडे राहिलीय. वीस तारखेला तो तुझ्या खेळातल्या छावणीत शिरला. तिथे सैनिकांचे कोट शिवणारा म्हातारा बसवलायस ना, त्याने कापड कापायच्या आधी कात्री दोनदा टेबलावर आपटली. तुझा बाप बघतच राहिला. मी असं करतो का, म्हणून मला विचारलं. चाळीस वर्षं करतोयस, मी म्हटलं. मग त्या दिवशी लढाई नाही. दिवसभर त्या म्हाताऱ्यालाच कापड कापायला लावत होता. पोरीचं दुकानात लक्ष नसतं म्हणून मी उगाच ओरडायचो, म्हणाला. मग म्हणे, तिला कळव, म्हाताऱ्याचं तोंड फार वाकडं काढलंय, मी काय असा दिसतो? मी म्हटलं, याहून वाईट. हसला. हसताना दुखलं त्याला.

हे मी त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं. मग वाटलं, तीसनंतर तू येतेच आहेस, तोच सांगेल तोंडाने.

रागव माझ्यावर. पण इथे ये, समोर बस आणि रागव.

तुझी आजी