ढब्बूचे बाबा

प्रिय खारुताई,

पंधरा दिवसांपूर्वी तू घर विकायचा विषय काढलास आणि दारावरची बेल वाजली म्हणून मी फोन ठेवला. इथे आधी कळवल्याशिवाय कोणी बेल वाजवत नाही, तेव्हा थाप तू पकडली असशीलच.

तुझा राग मला कळतो गं. तुझे बाबा गेले तेव्हा या गल्लीतल्या काळ्या कुत्र्यानंही विचारलं नाही, असं तू म्हणालीस. माणसापेक्षा उंच कुंपणं, वर झाडांची गर्द सावली, नदीकडे उघडणारी मागची दारं, आणि फाटकावर नुसता नंबर. नावाची पाटी लावणं इथे बढाईचं समजतात. मीही या लोकांना माणूसघाणे म्हणून मोकळी झाले होते.

नदीकाठची फेरी तुझ्या बाबांची, म्हणून इतके दिवस ढब्बूला मी पट्टा लावून अंगणातच फिरवत होते. गेल्या आठवड्यात त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून नदीकाठी नेलं. तर पठ्ठ्या प्रत्येक मागच्या दाराशी बसकण मारतोय! आणि प्रत्येक दारातून कोणीतरी बिस्कीट घेऊन बाहेर येतंय. सगळ्यांचा एकच प्रश्न, ढब्बूचे बाबा परगावी गेलेत का?

पेपरातल्या निधनवार्तेत आपण पूर्ण नाव दिलं होतं, पण ते नाव कोणाला ठाऊकच नव्हतं. बाकी बाबांचा दुखरा गुडघा, त्यांची शीळ, तुझ्या नोकरीची बातमी, सगळं माहीत. तुझ्या बाबांना तरी कुठे त्यांची नावं माहीत होती! गल्लीतले कधी न हसणारे ते निवृत्त न्यायाधीश बाबांसाठी, आपल्या कुत्र्याच्या नावावरून, 'पिंट्याचे काका'च होते. मी खरं सांगितलं, तेव्हा पिंट्याचे काका तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही तेव्हाच पहिल्यांदा मनसोक्त रडता आलं.

त्याच संध्याकाळी बेल वाजली, न कळवता. सगळी गल्ली कुत्र्यांसकट दारात उभी. पायांना चिखल म्हणून आत कोणी येईना, मग आम्ही पायऱ्यांवरच बसलो आणि अंधार पडेपर्यंत तुझ्या बाबांबद्दल बोललो.

म्हणून हे पत्र. रविवारी गिऱ्हाईक आणू नकोस, तू एकटीच ये. फाटकावर बाबांच्या नावाची पाटी लागली आहे, खाली बारीक अक्षरांत 'ढब्बूचे बाबा'. पिंट्याच्या काकांनी स्वतः स्क्रू पिळलेत. ती काढणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि यापुढे बेल वाजली म्हणून मी फोन ठेवला, तर खरं मानत जा.

तुझीच,
आई