लिस्ट की बोर्ड, तुम्हीच सांगा

प्रिय अहो,

नावानं हाक कधी मारली नाही, आता पत्रात तरी कशाला सुरू करू?

आज लिहायला बसले त्याला कारण अनिरुद्ध. तुमचा तळेगावचा लाडका, माउथ ऑर्गनवाल्यांसाठी इंटरनेटवर चर्चेचा बोर्ड बांधणारा. काल फोनवर म्हणाला, "काकू, काकांना नक्की काय हवं होतं? लिस्ट की बोर्ड?" मी सरळ म्हणून गेले, "विचारून सांगते." फोन ठेवला आणि मग उमगलं, आपण काय बोललो! विचारणार कुणाला?

म्हणून हे पत्र. डोक्यात नुसता गुंता झालाय. ऐका जरा.

तुमची ती ईमेलची लिस्ट म्हणजे काय, हे मला कित्येक वर्षं कळलंच नव्हतं. वाटायचं, वाण्याची असते तशी कसली तरी यादी असेल. मग एकदा तुम्ही समजावलंत. एकानं मेल लिहिली की ती लिस्टमधल्या सगळ्यांना जाते, उत्तर आलं की तेही सगळ्यांना. कुठे जायला नको, काही उघडायला नको, आपल्या घरी चालत येतं. रेल्वेतून रिटायर झालात आणि रोज सकाळी गॅलरीत चहा घेऊन तेच. कुणाच्या माउथ ऑर्गनचं एक भोक वाजत नाही, कुणाचा सूर उतरलाय, कुणाला लोणावळ्याच्या दमट हवेत वाद्य कसं जपता विचारायचंय.

"अहो, हे तर परवाच लिहिलं होतंत ना?" मी एकदा खांद्यावरून डोकावून म्हटलं.

"ते दुसऱ्याला."

"मग तेच पाठवा की याला."

"हा वेगळा माणूस आहे," म्हणालात, आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलात. व्हॉट्सॲपचा ग्रुप काढा म्हटलं तर अंगावर आलात. तिथे म्हणे फुलं आणि सुप्रभात यांच्याखाली सूर गुदमरतो!

मग अनिरुद्ध आला. मी पोहे देत होते, त्यामुळे सगळं माझ्या कानांनी ऐकलंय. तो म्हणाला, "काका, तुमची इतकी चांगली उत्तरं मेलच्या ढिगात गडप होतात. बोर्डवर जुनं-नवं सगळं विषयवार राहील. दुरुस्तीचं एकीकडे, सुरांचं एकीकडे, रेकॉर्डिंग वेगळी. उद्या कुणी नवीन मुलगा आला तर शोधल्यावर लगेच सापडेल." तुम्ही मान डोलावलीत. म्हणालात, "बरोबर आहे तुझं. लिस्ट आता पुरे झाली."

म्हणालात ना? मग ती बंद झाली, सगळ्यांना बोर्डचा पत्ता गेला. आणि पुढे थोड्याच दिवसांत तुम्ही बाजारातून आलात, पिशवी ओट्यावर ठेवलीत, "दम लागल्यासारखं होतंय" म्हणालात आणि खुर्चीत बसलात. पाणी घेऊन येईपर्यंतही थांबला नाहीत. इतकी कसली घाई होती हो?

ती बातमी अनिरुद्धनं बोर्डवर लिहिली. मला वाचूनही दाखवली. खाली माणसांची ही रांग! मी म्हटलं, चला, सगळ्यांना कळलं.

नव्हतं कळलं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी बेल वाजली. दारात धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ, हातात तांदळाची पिशवी. "सायेब हायेत का? मी किसन. उर्शाचा. लिस्टातला."

किसनआबा! नाव ऐकून होते. कानानं जवळजवळ बहिरे, फोनवर काही कळत नाही, पण माउथ ऑर्गन ओठाला लावला की दातांतून, हाडांतून त्यांना तो ऐकू येतो, हे तुम्ही किती कौतुकानं सांगायचात. सुनेनं मोबाईलवर अक्षरं मोठी करून दिलेली, त्यावर मेल वाचायचे. उर्से ते लोणावळा अंतर ते काय, पण दोघांचं सगळं बोलणं मेलवर.

मी म्हटलं, "आत या." त्यांना ऐकू गेलं नाही. दारातच उभे राहून म्हणाले, "वैनी, मी मापी मागाय आलोय. बोर्डाच्या इरोदात लय बोललो. तवापास्नं एक मेल न्हाई. सायेबांनी माजं नाव काडलं जनू."

मी जवळ जाऊन सावकाश म्हटलं, "आबा, ते गेले."

"कुटं? येतील कवा?"

"गेले हो ते."

"टाकव्याला गेलं आसतील, भावाकडं. बसतो मी. घाई न्हाई मला."

अहो, तुम्ही गेल्यापासून तो शब्द मी एकदाही तोंडातून काढला नव्हता. फोनवर भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं, बोर्डवर अनिरुद्धनं लिहिलं. मला कधी उच्चारावाच लागला नाही. आणि त्या दिवशी जिन्यात उभं राहून, अगदी घसा फोडून मला ओरडावं लागलं, "वारले! वारले ते!"

समोरचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी कठड्यावरून वाकलं. आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग पिशवी खाली ठेवून तिथेच पायरीवर बसले. मीही बसले. दुसरं काय करणार?

म्हणाले, "मला कुनी सांगितलं न्हाई."

मी कागद आणून लिहिलं, बोर्डवर कळवलं होतं. त्यांनी वाचलं. "गेलतो तितं. पासवर्ड मागितला, त्यो दिला. मग म्हनं, तुमी मानूसच हाय का ते दाखवा. चित्रांतनं सिग्नल वळका. आता रेल्वेचा का रस्त्याचा? तीनदा चुकलं. सोडून दिलं."

आणि मग त्यांनी मोबाईल काढून तुमचीच मेल मला दाखवली. तुम्ही लिहिलं होतंत, "आबा, चिंता करू नका. मी असेपर्यंत लिस्ट चालणार."

आता मला सांगा! पोह्यांची बशी हातात घेऊन अनिरुद्धला म्हणता, पुरे झाली. आणि आबांना लिहिता, मी असेपर्यंत चालणार. कुणालाच नाही म्हणायचं नाही, हा तुमचा जन्माचा स्वभाव. पण मागे राहिलेल्या माणसानं यातलं खरं कुठलं मानायचं?

आबा उर्शाला परतल्यावर मी तिरीमिरीत अनिरुद्धला फोन लावला. "तुझा बोर्ड बंद कर," म्हटलं. तो बिचारा घाबरलाच. "काकू, मी सगळ्यांना लिंक पाठवली होती हो."

"पाठवलीस रे. त्यांना सिग्नल ओळखता आले नाहीत."

तो म्हणाला, "मी स्वतः उर्शाला जाऊन यायला हवं होतं." त्याचा आवाज असा काही बसला की मला माझाच राग आला. त्याचं तरी काय चुकलं? त्यानं त्याच दिवशी तात्पुरती म्हणून लिस्ट पुन्हा सुरू केली. तुमच्याच मेलच्या खात्यातून कसं लिहायचं, तेही दाखवलं. "पण काकू, दोन्ही ठेवलं की माणसं वाटली जातात. प्रश्न इथे, उत्तर तिथे. शेवटी दोन्ही ओस पडतात." हेही खरंच वाटलं मला!

आणि त्याच आठवड्यात मी बोर्ड नीट उघडून बघितला. तिथे तुमच्या नावाचा एक विषय आहे. कुणीकुणी जपून ठेवलेली तुमची वाजवलेली रेकॉर्डिंग एकाखाली एक लावली आहेत. एकात मागे आपल्या कुकरची शिट्टी आहे. तुम्ही थांबलात, शिट्टी संपू दिलीत आणि त्याच सुरावरून पुढे वाजवलंत. मी तेव्हा स्वयंपाकघरातच असणार, आणि मला ठाऊकच नाही! साताऱ्याच्या एका मुलीनं खाली लिहिलंय, "काकांचं जुनं उत्तर शोधून सापडलं आणि माझा बंद पडलेला माउथ ऑर्गन वाजायला लागला." हे लिस्टवर झालं असतं का? ती मुलगी तुमच्या हयातीत आलेलीसुद्धा नव्हती.

म्हणजे बोर्ड मोडवत नाही. आणि आबा पायरीवर बसलेले डोळ्यांपुढून हलत नाहीत. आबांना त्या रेकॉर्डिंगचा काय उपयोग? त्यांना तुमची अक्षरंच हवीत.

गेल्या रविवारी मी एक उद्योग केला. बोर्डवर आठवडाभर काय काय चाललं ते वाचलं आणि मला समजलं तसं मेलमध्ये लिहून लिस्टवर पाठवलं. चाळीतल्या बातम्यांसारखं. संध्याकाळपर्यंत आबांचं उत्तर हजर. "वैनी, तुमी 'कोमलनी मुळाशी हलकं खरवडावं' आसं लिवलंय. कोमल नी, त्या सुराची पट्टी. मदी जागा सोडा. न्हाईतर ही कोमल कोन आन् ती काय खरवडती, कायच कळंना." मी इतकी हसले! मला खरंच ती एखादी मेंबर वाटली होती हो. तुम्ही गेल्यापासून या घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं हसलं.

पण दुसरं एक उत्तर आलं, नागपूरच्या बाईंचं. "मेलवर साहेबांचं नाव बघून काळजात धस्स झालं." मी बघितलं, तर खरंच, पाठवणारा म्हणून तुमचंच नाव जातंय. अनिरुद्ध म्हणाला, बदलून देतो. मी म्हटलं, थांब जरा. बदललं तर तुम्ही लिस्टवरून उतरणार. नाही बदललं तर लोक दचकणार. हेही तुम्हीच सांगा. नाही सांगणार, माहीत आहे.

तर मी अनिरुद्धला उद्या कळवणार आहे की काकांनी काही सांगितलं नाही. त्यामुळे दोन्ही राहू दे. बरोबर की चूक, मला नाही कळत. पण तुम्हाला शब्द देते. दर रविवारी बोर्डवरचं लिस्टवर नेईन, आणि आबांसारखे कुणी लिस्टवर काही विचारतील ते बोर्डवर नेऊन मांडीन. सूर चुकतील माझे, जागा सोडायच्या राहतील, पण एकही रविवार चुकणार नाही. वर नाव तुमचंच राहू दे सध्या. लोकांनी दचकू नये म्हणून पहिल्याच ओळीत सांगेन, लिहितेय मी, आणि खाली सहीसुद्धा माझी, पूर्ण नावानिशी करीन.

तुमची,
कुसुम दिनकर गायखे
(लिहिलं की नाही शेवटी तुमचं नाव!)