बोटावरचे तीन वेढे

रविवार, १४ मे

नागडी करीन, रानासारखी कोरडी करीन, तहानेनं मारीन! — बायबलातल्या होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात नवरा बायकोला असं म्हणतो. येरुशलेमच्या कॉलेजात वर्गाच्या दारात पिशव्या तपासायला बसतो मी. नववीत शाळा सोडलेला. पण आत एलिशेवाबाई बोलतात ते ऐकू येतं. बाईंची नवी रीत. "देवाचं राहू द्या. या पानात बोलतंय कोण? गप्प कोण?"

गप्प बायको. तिच्या नावावर एकदोन वाक्यं आहेत, तीही नवराच सांगतोय — 'ती म्हणाली' म्हणून.

सोमवार, १५ मे

उत्तरेला किर्यात शमोना गावी फोन. थोरल्या बहिणीला, ओस्नातला. उचलला तिच्या नवऱ्यानं, पिन्हासनं.

"काय रे प्रोफेसर! दारावर बसून शहाणा झालास?"

"ओस्नातला दे."

"झोपलीय. ती म्हणते, मजेत आहे."

ती म्हणते! महिनाभर तिचं सगळं त्याच्याच तोंडून.

बुधवार, १७ मे

रोज सकाळी प्रार्थनेचा चामडी पट्टा बोटाला तीनदा गुंडाळताना म्हणतो — मी तुला सदासर्वकाळ वरीन. लग्नातलं काहीतरी असेल, एवढंच वाटायचं. ते त्याच अध्यायाचं शेपूट निघालं! बाई म्हणाल्या, "मारून झाल्यावरचं गोड बोलणं."

एक धार्मिक टोपीवाला पोरगा उठला. "बाई, हे रूपक आहे! नवरा म्हणजे देव, बायको म्हणजे आपण लोक!"

मागून एक पोरगी, "रूपकाचा फटका लागत नाही वाटतं?"

पेसाहच्या सणाला ओस्नातच्या मनगटावर काळानिळा वळ होता. पट्ट्याएवढा. 'शिडीवरून पडली' — पिन्हास म्हणाला. ती काहीच बोलली नाही.

शुक्रवार, १९ मे. बसमध्ये

सकाळी न सांगता गेलो. दार उघडंच. पिन्हास प्रार्थनेची शाल पांघरून उभा, बोटाला पट्टा गुंडाळतोय — न्यायानं वरीन, दयेनं वरीन... ओस्नात मागं. ओठ फाटलेला, हनुवटीवर रक्त. अजून ओलं!

मी त्याचा हात धरला, पट्ट्यासकट पिरगळला. कट्कन आवाज आला. पडला तरी मारत होतो. दात पडला त्याचा. ओस्नात ओरडत होती. काय ओरडत होती, ऐकलं नाही. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू!

तिला घेऊन निघालो. संध्याकाळी शब्बाथ लागून बस बंद व्हायच्या आत येरुशलेम गाठायचंय. ती खिडकीबाहेर बघतेय. माझी मूठ सुजलीय.

रविवार, २१ मे

ओस्नातनं ही वही वाचली. बुधवारच्या शेवटच्या ओळीवर — 'ती काहीच बोलली नाही' — बोट ठेवलं.

"पेसाहला सांगितलं होतं तुला. भांडी घासताना. तू म्हणालास, जुळवून घे."

म्हणालो होतो.