तीन चांदण्या आणि मामाची झोप

ती. मामींना,

दोन्ही हात जोडून, आणि या खेपेस मान खाली घालून, नमस्कार.

तुमची सर्दी गेली का? शेजारणीचं मांजर अजून तुमच्याच पायरीवर येऊन दूध मागतं का? मी बरी आहे, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. (झोपेचा विषय इतक्यात काढायचा नव्हता, पण निघाला.) फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुमच्याकडचा फोन मामाच उचलतो, आणि सध्या त्याच्याशी बोलायची माझी छाती नाही.

सुट्टीत आले होते तेव्हा भर जेवणात मी मामाला एक शोधनिबंध समजावून सांगितला होता, ते तुम्ही विसरला नसालच. दुपारी तासाभराहून जास्त झोपणारी माणसं लवकर मरतात, असं त्यात होतं. आलेखातल्या सगळ्यांत उंच खांबावर तीन चांदण्या छापल्या होत्या. तीन चांदण्या म्हणजे गोष्ट अगदी पक्की, असं मी छातीठोकपणे सांगितलं. (पक्की असते, पण नेमकी कोणती गोष्ट पक्की, तेही बघावं लागतं. एवढी अक्कल तेव्हा नव्हती.) मामाने चष्मा लावून चांदण्या मोजल्या. ज्या शिंप्याने जन्मभर गिऱ्हाइकाच्या शब्दापेक्षा मापाच्या फितीवर विश्वास ठेवला, त्याला आकडे दाखवल्यावर दुसरं काय होणार? त्याने तो कागद मशीनसमोरच्या भिंतीवर टाचला आणि दोन ते चार दुकान बंद ठेवून आडवं व्हायचं त्या दिवसापासून सोडलं.

पुढची कथा तुमच्या पत्रातून कळली. बँकेच्या साहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या, आणि मामाने साहेबांनाच हात नीट धरायला सांगितलं. बसल्या बसल्या पेंगतो, आणि कुणी हटकलं की वसकन अंगावर येतो. सगळ्यांत वाईट म्हणजे तुमचे ते दोन तास गेले. मामा घोरायला लागला की तुम्ही काज करायचे कपडे बाजूला सारायच्या, पाय स्टुलावर टाकायच्या आणि रहस्यकथा उघडायच्या. त्या वेळी तुम्हाला हाक मारायची कुणाची हिंमत नव्हती. आता म्हणे तो स्वयंपाकघरात उभा राहून डबे कोणत्या क्रमाने ठेवावेत ते सांगत असतो, आणि खून कुणी केला ते तुम्हाला अजून कळलेलं नाही. वाचताना आधी हसले, मग माझीच मला लाज वाटली.

आता माझं पाप सांगते. विद्यापीठातल्या आमच्या विभागात निबंध वाचायची एक रीत आहे. आधी सारांश, मग शेवटचा परिच्छेद, मग चित्रं. मधलं ‘पद्धती’ नावाचं प्रकरण म्हणजे स्वयंपाकघर, पंगतीला आलेल्याने तिथे डोकावू नये, असं वरच्या वर्गातली मंडळी सांगतात. मीही तसाच वाचला होता. दर गुरुवारी लांब टेबलाभोवती बसून एकेकाने एक निबंध इतरांना समजावून द्यायचा असतो. माझी पाळी आली तेव्हा आयता पाठ होता म्हणून मी हाच घेतला, आणि वर मामाचं उदाहरण दिलं. (नाव नाही घेतलं, ‘माझ्या ओळखीचे एक शिंपी’ म्हटलं.) आमच्या बाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, “ही माणसं झोपत होती म्हणून आजारी पडली, की आजारी होती म्हणून झोपत होती?”

मी पुन्हा सारांशच चाळायला लागले. बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी नुसतं सातवं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की, आधीपासून आजारी असलेली माणसं वगळली तर तो उंच खांब इतरांएवढाच भरतो, आणि चांदणी एकही उरत नाही. लिहिणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं. मीच सातव्या पानापर्यंत गेले नव्हते. सारांश वाचून अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले, आणि त्यापायी एका भल्या माणसाची झोप घालवली. मामी, मला खरंच फार वाईट वाटतंय. रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची भाची,
(मामा जिला कौतुकाने ‘शास्त्रज्ञ’ म्हणायचा ती)

ता. क. भिंतीवरचा तो कागद तुम्हीच काढून टाका. मी सांगून तो काढणार नाही. काल एक सांगतेस, आज दुसरंच, असं म्हणेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

आणखी एक. खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं आणि इतका वेळ तेच टाळत आले. ते सातवं पान मी नंतर तीनदा वाचलं. मामा पूर्वी जेमतेम अर्धा तास लवंडायचा. त्याचे दोन तास झाले ते गेल्या वर्षभरात, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. उशाशी भरलेला तांब्या त्याला पुरत नाही, हे मी पाहिलं. स्वतःची पँट त्याने कमरेत दोनदा आत घेतली, हेही पाहिलं, आणि वर ‘काय छान बारीक झालास’ म्हणाले. इतकं सगळं डोळ्यांसमोर असताना मी आलेख बघत बसले. मी डॉक्टर नाही, आणि या वेळी छातीठोकपणे काहीच सांगणार नाही. पण याच आठवड्यात त्याला दवाखान्यात न्या आणि रक्तातली साखर तपासून घ्या. माझं नाव मात्र काढू नका. तुम्हालाच चक्कर येते, सोबत चल, असं म्हणा, म्हणजे मुकाट येईल.

आणि तोवर त्याला झोप आली तर झोपू द्या, मामी. फक्त किती वेळ झोपला ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.