खर्रा नको म्हटल्यावर

नागभीड
१८ डिसेंबर २०२४

चि. सौ. रीता हिस अनेक आशीर्वाद. धान घरी आलं, थंडी पडली, तुझी वहिनी खुशाल.

मात्र वहिनीविरुद्ध गंभीर तक्रार आहे. नकोसं काम रोज केलं की मेंदूतला निग्रहाचा भाग वाढतो, असं तू नर्सबाईंच्या अधिकारानं मोबाइलवर कळवलंस. तेव्हापासून मी गार पाण्यानं आंघोळ करतो. नेमकी तेव्हाच ही बाई आपली वाफाळती बादली माझ्या शेजारी आणून ठेवते. विश्वामित्राच्या वाट्याला निदान मेनका तरी आली होती!

आंघोळ जमली, कारलं जमलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा मी शेवटी ठेवला होता. तोही सोडला, आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडतो, मिटतो, अंगणात येरझारा घालतो.

त्यातच रविवारी शेजारच्या कुलदीपसाठी मुलगी पाहायला वहिनीला घेऊन चिमूरकडे गेलो. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी, गुणवंतरावांनी, स्वतः घोटलेला खर्रा पुढे केला. मी हात जोडले.

आपल्याकडे सोयरिकीत खर्रा नाकारणं म्हणजे काय, हे मेंदूवाल्यांना कुठून ठाऊक?

"गुरुजी, पोरगी पसंत नसन तं तसं सांगा," गुणवंतराव म्हणाले. "खर्रा काऊन वापस करता?"

कुलदीपनं कोपरानं ढोसलं. "काकाजी, खाऊन घ्या न! माह्या लग्नाचा सवाल आहे."

"पोरगी लाखात एक आहे," मी म्हटलं. "माझी दाढ दुखते."

सगळे हसले. सोयरीक जुळली. परतताना वहिनी मात्र हसली नाही. "दाढ आज दुखली, तं घास आधीपासूनच एवढा बारीक काऊन करता? मी कधीची पाहून राह्यली." मी तिला पळसाचं झाड दाखवलं.

दाढ दुखत नाही, रीता. फोनवर मी थट्टेत उडवलं असतं, म्हणून हे लिहितो आहे. माझं तोंड पूर्ण उघडत नाही. दोन बोटं कशीबशी जातात. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. वर्गात श्लोक म्हणताना पोरं एकमेकांकडे पाहतात.

गार पाणी काय, कुणीही घेईल. तुमच्या दवाखान्याच्या दारापर्यंत मी दोनदा येऊन परत गेलो, तुला कळूही दिलं नाही. शनिवारी पुन्हा येतो. चंद्रपूरच्या बसस्टँडवर उभी राहा आणि माझा हात धरून आत ने. तो चट्टा कॅन्सरचा असेल, या विचारानं मी फार घाबरलो आहे.

तुझा
धनराजदादा