रोशवालच्या पनवतीची स्थावर-जंगम मालमत्ता

मी ओदिल कारपाँतिए, कै. ल्युसियाँ कारपाँतिए यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा केस कापणे (आता निवृत्त), राहणार रोशवाल, मासळीधक्क्यासमोर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि दुपारच्या जेवणाबरोबरचा एक पेला सोडला तर मी काही प्यायलेलीही नाही. माझी बुद्धी शाबूत आहे असे इथे लिहावे लागते. युनियन रोशवाल या फुटबॉल क्लबाच्या मागे चव्वेचाळीस वर्षे स्वखुशीने फिरलेल्या बाईचे हे म्हणणे कितपत खरे धरायचे, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

आपल्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून खाली तारीख आणि सही केली की झाले, साक्षीदार लागत नाहीत, असे नोटरीसाहेबांनी सांगितले. मला लागतात. मी नुसती हजर असले तरी पेनल्टी बाहेर जाते असे ज्या गावात मानतात, तिथे माझ्या एकटीच्या सहीवर कोण विसंबणार?

आत्ताच लिहिण्याचे कारण असे की येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. शल्यविशारद वयाने लहान आहेत, पण हात स्थिर वाटला. ते म्हणाले, "मॅडम, तोवर उत्तेजना टाळा." मी विचारले, "युनियनचा खेळ उत्तेजनेत धरता का?" ते म्हणाले, "तो आम्ही दुःखात धरतो. पण तेही टाळा." आणि उद्या, शनिवारी, हंगामातला शेवटचा सामना आमच्या मैदानावर आहे. जिंकलो तर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये राहू. बरोबरी झाली किंवा हरलो तर तिसऱ्यात जाऊ. म्हणजे माझे आणि क्लबाचे काय व्हायचे ते एकाच आठवड्यात ठरणार आहे.

कलम पहिले. माझा एकुलता एक मुलगा तिबो, राहणार लियाँ, याला इस्टेटीचा निम्मा हिस्सा मिळेल. हे मी प्रेमाने लिहीत आहे आणि नाइलाजानेही. एकुलत्या मुलाचा निम्मा हिस्सा आपल्या कायद्याने कोणाला काढून घेता येत नाही, मग त्याने राजधानीच्या श्रीमंत क्लबाचा शर्ट घातला तरी. मी नोटरीसाहेबांना दोनदा विचारून पाहिले. दुसऱ्यांदा त्यांनी कायद्याचे पुस्तकच उघडून दाखवले. तिबोने वाईट वाटून घेऊ नये. दुकान आणि वरचे राहते घर त्याने विकले तरी माझी हरकत नाही. फक्त घेणारा आल्बूर गावचा नसावा. आल्बूरच्या संघाने आम्हाला पूर्वी एकदा खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलले होते, आणि त्या दिवशी त्यांचे लोक माझ्या दारात उभे राहून नाचले होते.

कलम दुसरे. बँकेतल्या शिलकेचा उरलेला निम्मा भाग पाठीराख्यांच्या बसला द्यावा. क्लबाला थेट एक पैही देऊ नये. क्लबाला पैसे दिले की ते एखादा स्ट्रायकर आणतात, आणि तो आल्या आल्या गुडघा दुखवून समुद्र बघत बसतो. बस मात्र नेहमी पोचते. बसमध्ये म्हाताऱ्यांना पुढच्या जागा द्याव्यात, आणि वाटेत दोनदा थांबावे. एकदा थांबून भागत नाही, हे ज्यांचे वय झाले आहे त्यांना ठाऊक आहे.

कलम तिसरे. माझ्या कात्र्या, वस्तरे आणि वाफेचे यंत्र लिलियान दूबार हिला द्यावे. लिलियान ही आमच्या कोपऱ्यावरच्या कॅफेची मालकीण. ती कपाळावरचे केस स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापते, आणि ते मला तीस वर्षे समोर बसून बघावे लागले आहे.

कात्र्यांच्या संदर्भात एक जुना आरोप इथेच निकालात काढते. त्र्याण्णव साली आमचा सेंटर-फॉरवर्ड सामन्याच्या सकाळी माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "मानेवरचे थोडे कमी करा." मी थोडे कमी केले. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत त्याने एकही गोल केला नाही, आणि हे गाव आजही त्याबद्दल माझ्याकडे बोट दाखवते. मी शपथेवर लिहून ठेवते की मी त्याच्या मानेवरचे केस कापले होते, पायांना हात लावला नव्हता.

कलम चौथे. हिरवा-पांढरा लोकरी मफलर तिबोला द्यावा. अट एकच: त्याने तो घालून युनियनचा एक तरी सामना मैदानावर बसून बघावा. मफलर धुऊ नये. त्याला मोहरीचा, पावसाचा आणि त्याच्या वडिलांचा वास आहे. लग्नानंतर ल्युसियाँने मला मधुचंद्राला नेले ते परगावच्या सामन्यालाच. आम्ही पाच गोलांनी हरलो, बसमध्ये त्याने हा मफलर माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "आता तू सगळं बघितलंस. याहून वाईट काही होणार नाही." तो खोटे बोलला होता. तरी मी त्याच्यावर फार प्रेम केले.

कलम पाचवे. पलंगावरच्या चादरी. या कोणालाही देऊ नयेत, कारण त्यांच्यात आता सूत उरलेले नाही. त्याची हकीकत लिहिणे भाग आहे.

फेब्रुवारीत मला फ्लू झाला म्हणून मी घरी राहिले, आणि तळाशी रुतलेल्या युनियनने पहिल्या क्रमांकाच्या संघाला तीन गोलांनी हरवले. पुढच्या सामन्याला मी गेले, तर आमच्याच बचावपटूने माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच जाळ्यात चेंडू मारला. मग बहिणीकडे गेले, तेव्हा जिंकलो. परत आले, तर लोक नीट बसायच्या आत आमच्या एकाला लाल कार्ड मिळाले.

त्याच संध्याकाळी लिलियानच्या कॅफेत बैठक बसली. विषय मी. बोलत होता फिरमँ लुशार. फिरमँ मासेमारी बोटीवर इंजिन सांभाळायचा, आता पाठीराख्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, आणि स्टँडमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतो.

"ओदिल, राग मानू नकोस," तो म्हणाला. "पण तू आलीस की आपण हरतो आणि नसलीस की जिंकतो. मी काही शिकलेला माणूस नाही, पण एवढं मलाही कळतं."

"आणि गोलकीपरला दिसत नाही, त्याचं काय?"

"तू नसलीस की त्याला बरोबर दिसतं!"

लिलियान माझ्या पेल्यात ओतत म्हणाली, "अगं, मे महिन्यापर्यंतचाच प्रश्न आहे. मग ये की खुशाल."

"म्हणजे मी पनवती?"

"तसं कोण म्हणतंय?" फिरमँ म्हणाला. "बरं, पनवती म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात वर गेले. शेवटी माझाही गेला. मला क्लब वाचायला हवा होता, आणि मी त्यांच्याइतकीच वेडी आहे. तिबो विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. तो फोनवर म्हणाला, "आई, चार सामन्यांवरून काहीही सिद्ध होत नाही." मी त्याला विचारले, "तू कधी शेवटून दुसरा आला आहेस का?"

तेव्हापासून घरच्या सामन्याच्या वेळी मी स्टेशनच्या मागे जाते. तिथे नाणे टाकून कपडे धुण्याची यंत्रे आहेत, आणि स्टेडियमचा आवाज तिथवर येत नाही. स्वच्छ चादरी यंत्रात घालते, त्या फिरताना बघत बसते, बाहेर काढते आणि पुन्हा घालते. फिरमँचा फोन आला की घरी जाते. फोन प्रत्येक वेळी एकच असतो: "जिंकलो! तू कुठेयस? तिथंच थांब!" मी बंदी मान्य केल्यापासून घरच्या मैदानावर युनियन एकदाही हरलेली नाही. शेवटून दुसरे होतो, तिथून सुटकेच्या दारापर्यंत आलो. हे सगळे मी चादरी धुऊन केले, आणि त्यातला एकही गोल मी पाहिलेला नाही.

कलम सहावे. माझा अंत्यविधी सामन्याच्या दिवशी ठेवू नये. कोणी येणार नाही. मी तरी कुठे आले असते? क्लबाचे गाणे वाजवू नये, कारण ते ऐकले की लोकांना वाटेल आपल्यावर गोल झाला. राख मैदानावर टाकू नये. ते गवत आधीच जेमतेम तग धरून आहे.

कलम सातवे. पूर्वेच्या स्टँडमधली माझी खुर्ची. स्टेडियम नगरपालिकेचे आहे आणि खुर्ची माझ्या मालकीची नाही, असे नोटरीसाहेब म्हणाले. ते टेनिस बघतात. ही खुर्ची मी फिरमँ लुशार याला देते. त्याने दोन खुर्च्यांवर पसरून बसावे आणि पनवती टळली म्हणून आनंद मानावा. हे रागाने लिहिले आहे. रागाने लिहिलेले मृत्युपत्रात चालते का, ते विचारायचे राहून गेले.

राग कशाचा, तेही सांगते. उद्या जायचे नाही हे मी कबूल केले आहे. पण मंगळवारी मला भूल देतील, आणि त्यातून मी उठले नाही तर युनियनचा शेवटचा सामना मी यंत्राच्या काचेतून चादरीच्या रूपात पाहिलेला असेल. मला मरणाची भीती वाटते. ती वाटणारच. पण उद्या त्या खुर्चीत मी नसेन याचे दुःख भीतीहून मोठे आहे. आणि सामन्याला गेले, आणि माझ्यामुळे क्लब खाली गेला, तर? मग मंगळवारी मला भूल द्यायचीही गरज पडणार नाही.

इथवर लिहून झाले तेव्हा फिरमँ आणि लिलियान सही करायला आले. पुढचे त्यांच्यासमोर लिहीत आहे, म्हणजे कोणी शब्द फिरवू नयेत.

लिलियानने लगेच सही केली. फिरमँने चष्मा लावला आणि सगळे वाचून काढले. त्याला वाचायला कोणी सांगितले नव्हते. सातव्या कलमापाशी तो थांबला.

"तुझी खुर्ची मला नको," तो म्हणाला.

"का? पनवती लागेल?"

"ओदिल, मी आजवर घरचे इतके सामने बघितले. पण हे जे मार्चपासून बघितले ना, त्यातला एकही मला धड आठवत नाही. गोल झाला की मी इकडे वळतो. इकडे कोणी नसतं. मग मी त्या खुर्चीलाच टाळी देतो. लोक हसतात."

"पण जिंकलास ना?"

"जिंकलो. कोणाबरोबर जिंकलो?" त्याने चष्मा काढला. "उद्या तू येतेस."

"आणि गेलो खाली तर?"

"तर जन्मभर तुला बोलत राहीन. मजा येईल."

लिलियान म्हणाली, "मला विचाराल तर दोघंही वेडे आहात. येतेस तर ऊबदार घालून ये." मी अजून काही ठरवलेले नाही, असे इथे नमूद करते आणि सही करते.

ओदिल कारपाँतिए
साक्षीदार: लिलियान दूबार, फिरमँ लुशार
रोशवाल, शुक्रवार, ९ मे २०२५

पुरवणी, वरील मृत्युपत्राचा भाग म्हणून स्वहस्ते लिहिलेली

मी गेले. कलम सातव्यात बदल करणे आवश्यक असल्याने झालेली हकीकत थोडक्यात लिहिते.

आमच्या रांगेतल्या प्रत्येकाने मला नमस्कार केला आणि मग हळूच आकाशाकडे पाहिले. पूर्वार्धात युनियनने गोल केला. फिरमँ वळला आणि मला इतक्या जोरात मिठी मारली की शल्यविशारदांनी ती पाहिली असती तर मंगळवार रद्द केला असता. मग दहा मिनिटे उरली असताना पाहुण्या संघाने बरोबरी साधली. कोणी माझ्याकडे बघितले नाही. इतके न बघणे मी आयुष्यात पाहिलेले नाही.

आणि अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली.

मी उठले. जिन्यापर्यंत पोचले की पुरे, असे मनात होते. मी दिसेनाशी झाले की चेंडू आत जाईल, यावर त्या क्षणी माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता. फिरमँने माझी बाही धरली.

"कुठं निघालीस?"

"सोड. मी गेले की गोल होईल."

"बस खाली."

"फिरमँ, क्लब जाईल रे!"

"जाऊ दे. बस."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "बसा हो मॅडम." मग आणखी कोणीतरी. मार्चमध्ये हात वर केलेली ती सगळी माणसे. मी बसले. फिरमँने बाही सोडली नाही.

चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. युनियन रोशवाल तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली.

मैदानावर पोरे तोंड झाकून बसली होती. मग फिरमँ माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्यामुळे."

"हो," मी म्हणाले.

"ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला की पुन्हा येऊन बस. सोडत नाही तुला."

मी रडले. तोही रडला. आजूबाजूला सगळेच रडत होते, त्यामुळे आमच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

सबब कलम सातवे मी रद्द करीत आहे. सदर खुर्ची कोणालाही देऊ नये. मंगळवारी काही बरेवाईट झाले तर त्याचा ठपका कालच्या सामन्यावर ठेवू नये. युनियनला आजवर कोणाचे काही वाकडे करता आलेले नाही. आणि शल्यविशारदांना हा कागद शस्त्रक्रियेपूर्वी वाचून दाखवावा, म्हणजे त्यांना कळेल की ऑगस्टमध्ये कोणीतरी माझी वाट बघत बसणार आहे.

ओदिल कारपाँतिए
साक्षीदार: लिलियान दूबार
साक्षीदार: फिरमँ लुशार (सहीखाली त्याने स्वतःच्या अक्षरात "तिची खुर्ची मी धरून ठेवतो" असे लिहिले आहे. नोटरीसाहेबांच्या मते याला कायद्यात काही अर्थ नाही.)
रोशवाल, रविवार, ११ मे २०२५