पंधराव्या दिवशीचे उत्तर

प्रिय धाकटे,

ज्याच्या कृपेवाचून श्वासही आत येत नाही, त्या करुणाकराला वंदन करून लिहितो. काल फोनवर तू विचारलेस, "बाबा, दहा दिवस गोळ्या घेतेय, काडीचा फरक नाही. सोडू का?" मी "सोडू नकोस" एवढेच म्हणालो. त्यामागचे कारण तोंडाने सांगण्याचे धैर्य झाले नाही.

तुझा दादा छापखान्यात मुद्रिते तपासायचा. माझ्या पत्रांतल्या चुकाही लाल शाईने दाखवून परत धाडी, वर 'पंडितजींना सप्रेम' असा टोमणा. शेवटच्या वर्षी तोच एका ओळीवर पेन्सिल टेकवून सकाळ घालवू लागला. मी त्याला आळस म्हटले. मन शरीराहून सूक्ष्म, त्याला औषध कसले, हेच मी जन्मभर शिकवीत आलो.

मागच्या आठवड्यात तुझ्या आतेबहिणीच्या प्रयोगशाळेत गेलो. मृतांच्या मेंदूचे पातळ काप ती तपासते. तिने समजावले, की पेशींना जगवणारी, त्यांना नवे धागे फुटू देणारी द्रव्ये मेंदूतच तयार होतात. खोल नैराश्यात ती अनेकदा कमी आढळतात. आत्महत्या केलेल्यांच्या मेंदूंतही काही अभ्यासांत तसेच दिसले. तेवढेच कारण नसते, हेही तिने बजावले. औषधाने ती सावकाश वाढत असावीत, म्हणून गुण यायला कित्येक आठवडे जातात. मी विचारले, पंधरा दिवसांत नाही कळत? ती फणकारली, "मामा, पेरलेलं रोज उकरून बघता का?" मी उठलो आणि बाहेर जिन्यावर बसून राहिलो.

कारण अशाच गोळ्या सुरू केल्यावर पंधराव्या दिवशी दादानेही मला तुझाच प्रश्न विचारला होता. "फेकून दे, उपासनेला बस," मी म्हणालो. गुणी पोर, बसला. एकोणीस दिवस माझ्या शेजारी बसला. विसाव्या दिवशी त्याचे आसन रिकामे होते. गोळ्या मीच सोडायला लावल्या, हे तुझ्या आईलाही मी कधी सांगितले नाही. औषधीतही ईश्वर वसतो हे मी वाचले होते, मानले नव्हते.

हे पत्र मी स्वतः येऊन तुझ्या हाती देईन आणि बाहेरच्या खोलीत बसेन. वाचून रागाव, बोलू नकोस, हवे ते कर. पण आधी आजची गोळी घे. मग डॉक्टरांकडे दोघे जाऊ. मन फारच काळवंडले तर तत्क्षणी मला हाक मार, कितीही रागावलेली असलीस तरी.

तुला, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक थकल्या जिवाला, उद्याची सकाळ पाहण्याचे बळ लाभो.

तुझाच,
बाबा